अकरा सेकंदांचा कोट

सकाळी सात-सव्वासातला आमच्या घरात कुणी कुणाला ओळख दाखवत नाही. मुलीचा एक मोजा सापडलेला असतो आणि दुसऱ्याचा शोध चालू असतो. दूध उतू जायच्या बेतात असतं. आमचे हे अर्ध्या गालाला फेस लावून, "पाणी कुणी बंद केलं?" असं घराला उद्देशून विचारत असतात, आणि घर उत्तर देत नाही. त्या दिवशीही असं सगळं नेहमीसारखं सुरळीत बिघडलेलं असताना दारावर टकटक झाली.

बेल असताना टकटक करणारं माणूस आमच्या इमारतीत एकच. खालच्या मजल्यावरच्या रंगताई. बेल का वाजवत नाही म्हणून मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाल्या, "तिचा आवाज करडा आहे गं."

दार उघडलं. चौऱ्याहत्तर वर्षांची, माझ्या खांद्याला लागणारी ही बाई, एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर, हातात रंगांच्या पट्ट्यांचा जुडगा.

"भाऊ गेले का कामावर?"

"अजून आहेत. का हो ताई?"

"बरं झालं. मला त्यांचा कान बघायचाय."

माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली. ह्यांच्या कानात बघण्यासारखं काही असेल असं मला एकदाही वाटलं नव्हतं, आणि ऐकण्याच्या कामी तर तो मी केव्हाच सोडून दिला होता. पण ताई आत आल्या, ह्यांना दंडाला धरून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी नेलं आणि उन्हाकडे पाठ करून उभं केलं.

"हलू नका."

"ताई, फेस वाळतोय."

"वाळू दे. मागून ऊन आलं की कान लाल दिसतो हे मला माहीत आहे. किती लाल, ते माहीत नव्हतं." एकेक पट्टी त्या कानाजवळ धरत होत्या. "गाजर नाही. विटेच्या अलीकडे. कडेला जरा फिका. बघ गं शेजारणी, ही शीर दिसते का?"

मी बघितली. दिसत होती. मुलगी एक मोजा घालून बघायला आली. दूध ती संधी साधून उतू गेलं.

"कान परत मिळेल ना?" ह्यांनी विचारलं.

"झालं, झालं. उपकार झाले भाऊ. कान चांगला आहे तुमचा, वापरत जा," असं म्हणून ताई आल्या तशा गेल्या, आणि मी ओटा पुसायला घेतला.

आता एखाद्याला वाटेल, बाईंचं डोकं जरा फिरलेलं आहे. तसं नाही. रंगताई जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो आणि जुन्या फिल्मा रंगीत करून देतात. आणि त्यांचा नियम असा की अंदाजाने रंग द्यायचा नाही. जे माहीत आहे त्याला रंग. माहीत नाही, ते करडंच राहील.

हा नियम त्यांनी का धरला, ते त्यांच्या आधीच्या आयुष्यात बघावं लागतं. सोळाव्या वर्षी त्या एका फोटो स्टुडिओत लागल्या. पुढच्या खोलीत मालक गिऱ्हाइकाला "हनुवटी खाली, जरा हसा" म्हणायचे आणि मागच्या खोलीत ताई काडीला कापूस गुंडाळून फोटो रंगवायच्या. तेव्हा रंगीत फिल्म महाग, म्हणून लोक साधा फोटो काढत आणि वर रंग चढवून घेत. मालकांचे रंगांबद्दल ठाम विचार होते. नवरीला गुलाबी. नोकरी लागलेल्या मुलाला तपकिरी कोट. गेलेल्या माणसाच्या गालांवर भरपूर लाली द्यायची, जिवंत माणसाला बेताची. "कारण जिवंत माणूस शेजारी उभं करून ताडून बघतात," असं ते म्हणत.

"नऊ वर्षं मी कापसाने खोटं बोलले," ताई सांगतात. "एका म्हाताऱ्याला मी इतका टवटवीत केला की त्याच्या बायकोने विचारलं, हे कोण?"

मग रंगीत फिल्म स्वस्त झाली आणि मागची खोली बंद झाली. ताईंनी पुढची तीस-पस्तीस वर्षं भिंतींच्या रंगाच्या दुकानात रंग कालवले. लोक पडद्याचा तुकडा घेऊन यायचे आणि ह्या डोळ्यांनी बघून तसाच रंग बनवून द्यायच्या. लग्न केलं नाही. त्याबद्दल कुणी खोदून विचारलं तर म्हणतात, "नमुने बघितले दोन-तीन. वाळल्यावर वेगळेच दिसले."

सदुसष्टाव्या वर्षी त्या कॉम्प्युटरच्या वर्गाला गेल्या. शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी नम्रपणे विचारलं, "आजी, तुम्ही चुकून ह्या वर्गात आलात का?"

"चुकून नाही, बसने आले," ताई म्हणाल्या आणि पहिल्या बाकावर बसल्या.

कॉम्प्युटर हल्ली स्वतःच फोटो रंगवतो हे मला त्यांच्याकडूनच कळलं. बटण दाबलं की झालं. ताईंनी मला एकदा दाबून दाखवलं. त्याने एका लग्नाच्या फोटोतल्या सगळ्या पाहुण्यांना चहात बुडवून काढल्यासारखं केलं. "ह्याला काही ठाऊक नसलं की हा तपकिरी देतो," ताई म्हणाल्या. "आमच्या मालकांचाच वंशज आहे मेला." म्हणून त्या पहिलं चित्र स्वतः रंगवतात. फिल्म असेल तर तो रंग कॉम्प्युटर पुढच्या चित्रांवर नेतो आणि वाटेत सांडतो. कोटाचा भिंतीवर जातो, गालाचा टोपीवर. तो सांडलेला रंग पुसत बसणं हेच खरं काम, आणि ते करपलेल्या भांड्याचा तळ घासण्यासारखं आहे. चिकाटी लागते आणि कुणी बघत नाही.

गिऱ्हाइकांची मात्र त्यांच्याकडे उलटतपासणी होते. बाकडं कसलं होतं? नुसतं लाकूड की रंग दिलेला? आजोबांचे डोळे घारे होते की काळे? एक गृहस्थ आजोबांचा फोटो घेऊन आले, ते तीन आत्यांना फोन करून दमले. तीन आत्यांनी टोपीचे तीन रंग सांगितले आणि त्यावरून आपापसात बोलणं टाकलं. ताईंनी टोपी करडी ठेवली.

"अहो, पण टोपी अर्धवट राहिली," ते म्हणाले.

"अर्धवट नाही. प्रामाणिक आहे."

पैसे देऊन प्रामाणिक टोपी कोण नेतो? पण त्यांनी नेली. ताईंसमोर उभं राहिल्यावर माणूस नेतोच.

तर, कान. तो कान ताईंच्या दादासाठी लागत होता.

चार वर्षांपूर्वी सरकारी संग्रहातल्या जुन्या फिल्मा लोकांना बघायला खुल्या झाल्या. त्यात नदीवरच्या पुलाच्या उद्घाटनाची एक होती. टोप्या काढणारे साहेब, फीत, बँड, गर्दी. आणि अकरा सेकंद एक बाई चालत जाते. कडेवर लहान मुलगी, दुसऱ्या हातात पिशवी, अंगात कोट. पुलाकडे तिचं लक्षही नाही. तिच्या मागून मोठ्या कानांचा एक मुलगा फरपटत चाललाय, तोंड पुलाकडे, पाय आईकडे. तो मुलगा म्हणजे दादा, वय अकरा. त्यांनी स्वतःचे कान लगेच ओळखले. कडेवरची मुलगी म्हणजे रंगताई, वय चार. आणि ती बाई त्याच वर्षाच्या शेवटी आजाराने गेली.

ताईंना आईचं काहीही आठवत नाही. आवाज नाही, हात नाही, काही नाही. घरात आईचा एकच फोटो, तो दादांच्या भिंतीवर. म्हणून त्यांनी ती फिल्म उतरवून ठेवली होती, पण हात लावला नव्हता. "लोकांच्या आया संपू देत, मग माझी घेते," म्हणायच्या.

पण दादांचे डोळे तेवढं थांबायला तयार नव्हते. वय एक्याऐंशी, डोळ्यांच्या पडद्याचा आजार. समोर बघितलं की मधोमध डाग, म्हणून ते सगळ्यांकडे कोंबडीसारखी मान तिरकी करून बघतात. डॉक्टरांनी सांगितलं, आता आधी रंग जातील. पाच-सहा महिने, फार तर.

"त्याच्या आत करायला हवं," ताई मला म्हणाल्या. "बरोबर झालं का, हे सांगणारा तो एकच माणूस आहे. त्याने बघून 'हीच' म्हटलं की मग मीही आईला बघितलं असं होईल. नाहीतर मी काय, परक्या बाईला रंगवत बसले."

अकरा सेकंद म्हणजे एकशे शहात्तर चित्रं. ताईंनी तीन महिने घेतले. पिशवीबद्दल दादांनी सांगितलं, पुलाच्या लोखंडाबद्दल जुन्या वर्तमानपत्राने, कानाबद्दल आमच्या ह्यांनी. कोटाचा प्रश्नच नव्हता. दादा फोनवर ताडकन म्हणाले होते, "निळा. त्यात काय विचारायचं? माझ्यासमोर भिंतीवरच आहे."

तयार झाल्यावर आम्ही दोघी दादांकडे गेलो. मी गेले कारण कॉम्प्युटर उचलायला कुणीतरी हवं आणि ताईंचा गुडघा बसच्या पायरीशी भांडतो. दादांची खोली लहान आणि चकचकीत. टेबल, रेडिओ, खिडकीत शिवणयंत्र, त्यावर वाकलेल्या वहिनी. वहिनींनी आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. बोलतात कमी. टेबलाच्या वर भिंतीला तो फोटो, काचेच्या चौकटीत. आईचा चेहरा, गळा, कोटाची कॉलर. कॉलर निळी.

"आलीस? किती उशीर. मी आंधळा होईन तोवर," दादांनी स्वागत केलं.

"तू असा होणार नाहीस. तुला फुकटचं बघायची सवय आहे," ताई म्हणाल्या.

मी पडदे ओढले. ताईंनी बटण दाबलं. बँडचा आवाज नाही, काही नाही, नुसती हलणारी माणसं, आणि मग ती निळ्या कोटातली बाई आली, कडेवर मूल घेऊन, घाईने. दादांनी मान तिरकी केली. मग दुसऱ्या बाजूला केली. अकरा सेकंद झाले, ताईंनी परत लावलं. पाच वेळा लावलं.

"हीच," दादा म्हणाले. "अगदी हीच."

ताईंनी चष्मा काढला. मग एखाद्या हावरट पोरीसारखे त्यांचे प्रश्न सुरू झाले. "चालताना बोलायची का रे? मला कडेवरून खाली ठेवायची का? त्या पिशवीत काय होतं?"

"बटाटे असतील. मला काय विचारतेस, मी पूल बघत होतो," दादा म्हणाले आणि मान पुन्हा पडद्याकडे तिरकी केली.

इथे आम्ही उठायला हवं होतं. काम झालं होतं, 'हीच' मिळालं होतं. पण ताईंना उठवेना. म्हणाल्या, "निळा जरा जास्त गडद झालाय का? फोटोशी ताडून बघते." काचेची चमक येत होती, म्हणून त्यांनी फोटो खाली घेतला. वहिनींनी सुरीने मागचे खिळे उचकटले. सत्तावन्न वर्षांनी तो फोटो चौकटीतून बाहेर आला.

ताईंनी तो उलटा केला आणि तशाच बसल्या.

"काय झालं?" दादांनी विचारलं.

फोटोच्या पाठीवर कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं होतं, 'कोट – निळा', आणि पुढे एक फुली. अक्षर ताईंचं, सतरा वर्षांच्या ताईंचं.

मला काही समजलं नाही. त्यांनीच सांगितलं. स्टुडिओत प्रत्येक फोटोच्या मागे रंग लिहायची पद्धत होती. गिऱ्हाइकाने रंग सांगितला असेल तर पुढे बरोबरची खूण. सांगितला नसेल, मालकांनी ठरवला असेल, तर फुली.

"हा फोटो तुझ्या लग्नाला दिला होता मी. रंगवून. तुला न विचारता," ताई हळू म्हणाल्या. "मला पक्कं आठवत होतं, कोटाचा रंग मावशीने सांगितला. मावशीला विचारायला गेले होते मी."

"मग?"

"मग फुली कशी?"

थोड्या वेळाने त्यांना सगळं आठवलं, आणि आठवल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. मावशीकडे गेल्या होत्या हे खरं. मावशी घरी नव्हती हेही खरं. लग्न चार दिवसांवर. त्या साली मालकांनी कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानातून निळ्या रंगाची अख्खी पेटी उचलली होती आणि दोन वर्षं निळा संपता संपत नव्हता. म्हणाले, "घरचं काम आहे ना? मग निळा घे, तो फुकट आहे."

"त्या दोन वर्षांत जेवढ्या आया आमच्याकडे आल्या, तेवढ्या निळ्या होऊन गेल्या," ताई म्हणाल्या. "आपली पण."

"मूर्खासारखं बोलू नकोस. मला आठवतो ना कोट."

"तुला फोटो आठवतो, दादा. मी दिलेला. मी तुला थाप मारली आणि तीच तू मला सत्तावन्न वर्षांनी साक्ष म्हणून दिलीस. आणि मी ती एकशे शहात्तर वेळा रंगवली."

"तू कलाकार. मला वाटलं, तुला माहीत असेल!"

"तू थोरला. मला वाटलं, चुकलं असतं तर तू बोलला असतास!"

दोघंही एकमेकांकडे चिडून बघत होते, दादा तर मान तिरकी करून. हसू नये म्हणून मी खिडकीबाहेर बघितलं. पण ताईंचा चेहरा बघितल्यावर हसू आपोआप गेलं. नियमाप्रमाणे आता कोट करडा व्हायचा होता. आई दुसऱ्यांदा परकी व्हायची होती.

तेव्हा वहिनी बोलल्या. इतका वेळ त्या पडद्यावरच्या थांबलेल्या चित्राकडे बघत होत्या, सुरी हातात तशीच.

"हा बायकांचा कोट नाही."

"अगं, तुझं काय मध्येच?" दादा म्हणाले.

"अहो, बटणं बघा. पुरुषांच्या बाजूला आहेत. आणि खांदा बघा, दंडावर उतरलाय. बाही आत दुमडून शिवलीये, टाका दिसतोय. मोठ्या माणसाचा कोट कापून लहान केलाय. कापणारीला घाई होती, पण हात चांगला होता."

ताई पडद्याला नाक लावून बघू लागल्या. तीन महिने त्यांनी त्या कोटाचा एकेक कण रंगवला होता, आणि बटणं कुठल्या बाजूला आहेत ते त्यांना दिसलं नव्हतं. रंगवालीला रंग दिसतो, शिवणारीला शिवण.

दादांनी पडद्याकडे तिरकी केलेली मान सरळ केली. मग म्हणाले, "ट्रामचा कोट."

"काय?"

"बाबांचा. ट्रामवरचा." त्यांचे वडील ट्रामचे कंडक्टर होते. "दर तीन वर्षांनी नवा कोट मिळायचा, जुना परत द्यायचा असायचा. त्या साली बाबांनी परत केला नाही. हरवला म्हणून लिहून दिलं. आईकडे कोटच नव्हता ना. तिने रात्रीतून कापला. आणि मला समोर बसवून सांगितलं, कुणाला बोलायचं नाही. शाळेत नाही, मावशीला नाही, कुणालाच नाही. बाबांची नोकरी जाईल."

"आणि तू?"

"मी नाही बोललो."

सत्तर वर्षं! आई गेली, वडील गेले, ट्रामही गेल्या, आणि हा आज्ञाधारक मुलगा बोलला नाही तो नाहीच. शेवटी त्याला स्वतःलाही पत्ता राहिला नाही.

"रंग कुठला होता, दादा?"

"हिरवा. गडद. बाटलीच्या काचेसारखा."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? सांगतोय ना!"

"मघाशी निळाही नक्कीच होता. तुझ्यावर आता माझा विश्वास नाही," ताई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "शेजारणी, जुन्या ट्राम डेपोत काचेच्या कपाटात काहीबाही ठेवलंय ना?"

गुरुवारी आम्ही डेपोत होतो. कपाटात तिकिटांचं यंत्र होतं, घंटा होती, आणि एक कोट होता, त्याच काळातला, खाली साल लिहिलेलं. रखवालदार खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होता. ताई पट्ट्यांचा जुडगा काचेला लावून एकेक पट्टी सरकवू लागल्या.

"बाई, काचेला हात लावायचा नाही."

"हात लावत नाही. रंग लावतेय."

"अहो, काय हवंय काय तुम्हाला?"

"हा कोट माझ्या आईचा आहे," ताई म्हणाल्या, आणि लगेच घाबरून, "म्हणजे ह्याच्यासारखा. आमचा परत केलेला नाही."

रखवालदाराने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्याने बिचाऱ्याने उठून कपाटावरचा दिवा लावून दिला. रंग अगदी बाटलीच्या काचेचा नव्हता, जरा काळसर, भिजलेल्या पानासारखा. कॉलरच्या आत, जिथे ऊन पोचलं नव्हतं, तिथला रंग ताईंनी टिपून घेतला. परत येताना बसमध्ये ती एकच पट्टी हातात धरून बसल्या होत्या.

मग तीन आठवडे खालच्या मजल्यावरून हालचाल ऐकू आली नाही. मी दुपारी सूपचा वाडगा ठेवून यायची, तो संध्याकाळी धुतलेला दारात मिळायचा. त्यात दादांचे फोन. डॉक्टरांकडे जाऊन आले होते, डाग मोठा झाला होता. वहिनींनी मला बाजूला घेतल्यासारखं फोनवरच सांगितलं, "लाल नि तपकिरी आता त्यांना एकच दिसतं. तुमच्या ताईंना सांगू नका, घाईत चुकतील." मी सांगितलं नाही. ताईंना मात्र माहीत असावं, कारण त्या आठवड्यात त्यांनी सूपही नको म्हटलं, भाकरीच्या तुकड्यावर भागवलं आणि काम केलं.

पण खरी अडचण डोळ्यांची नव्हती, दादांची होती. त्यांना हिरवा नको होता.

"मला निळीच आवडते," ते फोनवर म्हणत, आणि ताई फोन टेबलावर ठेवून काम करत असल्यामुळे ते मलाही ऐकू येई. "रोज सकाळी उठून मी तिला बघतो. सत्तावन्न वर्षं. आता ह्या वयात हिरवी आई कुठून आणू?"

"ती हिरवीच होती."

"असेल. मला कशाला पाहिजे? ती निळी पाचदा बघितली ना मी? छान होती. पुसलीस तर नाहीस?"

"नाही पुसली."

"मग झालं तर."

ताईंनी फोन ठेवला. मला वाटलं चिडतील. म्हणाल्या, "त्याचं चुकत नाही गं. मीच त्याला ती आई दिली. आता परत कुठल्या तोंडाने मागू?"

"मग निळीच राहू द्या की ताई. त्यांना सुख आहे त्यात."

"त्याला आहे," त्या म्हणाल्या. "पण निळीत ती नुसती छान दिसते. हिरव्यात बघ." त्यांनी बटण दाबलं. बाई चालत गेली. नवऱ्याचा चोरलेला कोट कापून घालून, सगळ्या गावासमोर, साहेबांच्या समोर, बँडच्या समोर. कॅमेऱ्याकडे तिने एकदा बघितलं आणि मान फिरवली. मला वाटायचं, घाई आहे म्हणून. पण त्याच क्षणी तिने पिशवी छातीशी ओढून घेतली होती, बटणांवर.

"परत लावा," मी म्हटलं.

दादा रविवारी सकाळी आले. ताईंकडे ऊन थेट येतं आणि दादांना अंधार लागतो, म्हणून आमच्या मधल्या खोलीत. आमच्या ह्यांनी खिडकीला चादर खिळवली, मुलीने खुर्च्या मांडल्या, दुधाकडे कुणी लक्ष दिलं नाही. वहिनी दादांना हाताला धरून घेऊन आल्या. ते बसले, हाताची घडी घातली.

"आधीच सांगतो, मी निळी बघायला आलोय."

"दोन्ही आणल्यात," ताई म्हणाल्या.

"निळी लाव. दुसरी नको. मला माझी आई बदलून नकोय."

"अहो," वहिनी म्हणाल्या.

"तू गप्प बस. तुझ्या बटणांनीच हे सगळं झालं."

ताई पडद्यासमोर उभ्या होत्या. दोन्ही चष्मे कपाळावर. आयुष्यात त्यांनी कुणाला रंगाबद्दल विनवलेलं मी बघितलं नव्हतं. गिऱ्हाइकाला दरडावणं, कॉम्प्युटरला शिव्या देणं, रखवालदाराशी भांडणं, हे सगळं बघितलं होतं. त्या दादांच्या खुर्चीशेजारी खाली बसल्या, दुखऱ्या गुडघ्यासकट, आणि त्यांच्या तिरक्या मानेच्या बाजूला, जिथून त्यांना थोडं दिसतं तिथे, तोंड आणलं.

"दादा, अकरा सेकंद आहेत. एकदा हिरव्यात बघ. मग तुला हवी ती ठेव."

दादांनी हाताची घडी सोडली, पडद्याकडे मान तिरकी केली आणि म्हणाले, "लाव."